हुशार बंडी आणि लोणच्याची बरणी

इचलकरंजीतली पोटं कमी व्हायला लागली तेव्हा लोकांना आधी वाटलं, मंदी आली. पोट कमी होण्याचं दुसरं कारण गावाला आजवर माहीतच नव्हतं. पण मंदी नव्हती. माग बरे चालले होते. तरीही सुताला खळ लावणारे सायझिंगवाले, निवृत्त मुख्याध्यापक, महिला मंडळाच्या आजीमाजी अध्यक्षा अशी एकेक वजनदार माणसं महिना-दीड महिना दिसेनाशी व्हायची आणि परत यायची ती सपाट होऊन. विचारलं तर म्हणायची, "योगा." योगाने माणूस आठवडाभर कमरेत वाकून चालतो हे गावाने पूर्वी पाहिलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या पोटात शिरायची आपल्याकडे रीत नाही. निदान त्याच्या तोंडावर तरी नाही.

हेमांगी तारदाळकर वाकून चालायला लागली त्याला तीन आठवडे झाले होते. तिने योगाचं नाव घेतलं नाही, कारण घरात माई होत्या, आणि सासूला योगा सांगून पचेल इतका भोळेपणा तारदाळकरांच्या घरात कोणाकडेच नव्हता.

"मे महिना होता," नाश्त्याच्या टेबलावर माई शेजारच्या काकूंना सांगत होत्या. ही गोष्ट काकूंना पाठ होती, तरी त्या पोहे खात ऐकत होत्या, कारण पोहे चांगले होते. "रेवा झाली तेव्हा. माझं मऊसूत जुनं लुगडं फाडलं, आणि या हातांनी हिचं पोट बांधलं. सव्वा महिना ठेव म्हटलं. हिने आठव्या दिवशी सोडलं. का, तर उकडतंय! तेव्हा उकडलं म्हणून आज कापावं लागलं."

पंचवीस वर्षं ही गोष्ट सांगितली जात होती. बारशाला सांगितली, रेवाच्या शाळेच्या पालकसभेला सांगितली, रेवा बंगळुरूला नोकरीला गेली त्या दिवशी बसस्टँडवर सांगितली. हेमांगीचं पोट म्हणजे तिच्या नाकर्तेपणाचं घरातलं कायमचं स्मारक होतं. एक्कावन्नाव्या वर्षी तिने ते पाडायला काढलं.

आत्ताही तिच्या कानामागे गरम झालं, श्वास वर अडकला. आणि तेवढ्यात साडीखालच्या बंडीने तिला धरलं.

धरलं म्हणजे आवळलं नाही. आधी कमरेपाशी, मग बरगड्यांच्या खाली, मग पाठीवर, सावकाश वर चढत जाणारा एक दाब आला, थांबला, आणि तिचा श्वास सुटेल त्याच गतीने सैल होत गेला. पुन्हा आला. तिसऱ्या वेळेपर्यंत तिचे खांदे खाली आले होते आणि माईंचा आवाज शेजारच्या घरातल्या टीव्हीइतका लांब गेला होता.

"आणखी पोहे घ्या काकू," हेमांगी म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटत होतं, हेच आश्चर्य होतं.

*

बंडीचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. ते फक्त खोक्यावर छापलेलं असे. गावाने तिला बंडी म्हटलं आणि विषय संपवला. हेमांगीला मात्र ती धाग्याधाग्याने माहीत होती. यड्रावच्या रस्त्यावर 'वस्त्रायु' नावाची जी कंपनी ही बंडी विणायची, तिच्या तपासणी प्रयोगशाळेची ती प्रमुख होती. कर्मचाऱ्यांना बंडी निम्म्या दरात मिळायची. फक्त ती घालायला आधी ऑपरेशन करावं लागायचं, आणि तेही कंपनीच्या ओळखीच्या हॉस्पिटलात सवलतीत व्हायचं. एकावर एक सवलत म्हटल्यावर मराठी माणूस कुठवर टिकणार?

पोटाची चरबी काढतात, कातडी ताणून बसवतात, तेव्हा कातडी आणि खालचा स्नायू यांच्यामध्ये एक पोकळी राहते. रिकामी जागा शरीराला आवडत नाही. ते तिथे पाणी भरतं. पाणी भरलं की कातडी खाली चिकटत नाही, सूज राहते, जखम रेंगाळते. म्हणून बाहेरून सगळीकडे सारखा दाब ठेवायचा, म्हणजे पाणी आपल्या वाटेने निघून जातं आणि वेगळे झालेले दोन थर पुन्हा एक होतात. दाब कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर रक्तच अडतं. जुने पट्टे मुके होते. सूज उतरली की ते सैल पडायचे आणि मग माणूस वेलक्रो ओढत बसायचा.

बंडीचा धागा पिळलेल्या दोरीसारखा होता. दोरीला आणखी पीळ दिला की ती आखडते, तसा हा धागा किंचित ऊब मिळाली की आखडायचा आणि थंड झाला की लांबायचा. विणीत सगळीकडे केसाएवढ्या तारा होत्या. त्या अंगातून नकळत वीज सोडून बघायच्या. ओल्या मांसातून वीज सहज जाते, कोरड्यातून अडखळत. त्यावरून कुठे किती पाणी साठलंय ते कळायचं, आणि शिवणीत बसवलेला तांदळाच्या दाण्याएवढा संगणक त्या जागचा धागा तेवढाच आवळायचा. शिंक, ठसका आणि सूज यांत गोंधळ नको म्हणून तो नाडी आणि श्वासही मोजायचा. त्याला काम दिलं होतं एकच: सूज उतरव.

पुढचं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. हजारो पोटांवर राहून त्याला आपोआप उमगलं, की जीव घाबरा असला की सूज हळू उतरते. आणि श्वासाच्या लयीत धरून सोडलं, की जीव निवतो. मग बंडी माणसांना निववायला लागली. कामाचाच भाग म्हणून. एखादा कारकून साहेबाचा मूड सांभाळायला शिकतो, तसं.

सूज पूर्ण उतरली की बंडी आपण होऊन ढिली पडायची आणि मग उभ्या आयुष्यात आवळायची नाही. ती औषधोपचारात मोडत होती. ऑपरेशन नसेल तर विकायची नाही आणि बरं झाल्यावर ठेवायची नाही, असा कायदा होता. मागणी बंडीला होती आणि तिच्यासाठी लोक पोट आणून देत होते, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात यायचं होतं.

*

"वा! फारच छान," डॉक्टर साखवळकर कोल्हापूरच्या दवाखान्यात म्हणाले. "हेमांगीताई, एवढ्यातच सूज उतरत आली. मंगळवार-बुधवारपर्यंत बंडी तुम्हाला मोकळं करेल. मग साधा पट्टा पंधरा दिवस, की झालं!"

हेमांगीने साडीवरूनच बंडी मुठीत धरली. बंडीने लगेच धरलं. ही बातमी आपल्याच निरोपाची आहे हे तिला बिचारीला कुठून कळणार?

परतीच्या वाटेवर शैलेंद्र गाडी चालवत होता आणि कानातल्या यंत्रात सुताचे भाव बोलत होता. शैलेंद्र सुताचा दलाल. माणूस सोन्यासारखा. ऑपरेशनच्या दिवशी तो हॉस्पिटलच्या व्हरांड्यात दिवसभर उभा होता. उभ्या उभ्या त्याने सुताच्या तीन गाड्या विकल्या, पण बसला नाही. तिला ताप आहे का बघायला तो कपाळाला हात लावायचा आणि पुरेसं गरम नाही म्हटल्यावर काढून घ्यायचा. रेवा बंगळुरूला गेली तेव्हा बसस्टँडवर तिघांनी एकमेकांना मिठी मारली होती. त्यानंतर, हेमांगीने आठवून पाहिलं, तिला कोणी तसं धरलं नव्हतं. कोणी वाईट नव्हतं. विषय निघाला नव्हता, एवढंच.

"काय म्हणाले डॉक्टर?" दोन फोनांच्या मध्ये त्याने विचारलं.

"बरी होतेय."

"झकास," तो म्हणाला आणि तिसरा फोन घेतला.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहिली. बंडी काय मोजते? पाणी. पाणी अंगात कशाने धरून राहतं? मिठाने. टेक्स्टाइलच्या पदवीला हे शिकवत नाहीत, पण ज्या बाईने आयुष्यभर कैरीच्या फोडींना मीठ लावून रात्रभर सुटलेलं पाणी पाहिलंय तिला वेगळं शिकवावं लागत नाही. फळीवर माईंच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी होती. ऑपरेशननंतर मीठ वर्ज्य, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

तिने एक फोड खाल्ली. मग खार बोटाने चाटला. मग सरळ चमचा घेतला.

मंगळवार आला आणि गेला. बंडी सुटली नाही.

*

"बरणी खाली चाललीय," माई म्हणाल्या.

हेमांगी भाजी निवडत होती. "शैलेंद्र खातो की."

"शैलूला बी.पी. आहे. तो लोणच्याकडे बघतसुद्धा नाही." माई समोरची खुर्ची ओढून बसल्या. एक्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या अंगावर मांस असं नव्हतंच. नुसतं शिस्तीवर उभ्या होत्या. "डोहाळे लागलेत का काय तुला?"

"माई! एक्कावन्न वर्षांची आहे मी."

"पोट कापून घ्यायला वय आडवं आलं नाही, मग याला कशाला येतंय?" त्यांनी गवारीची शेंग उचलून तिची शीर ओढली. "खार खातेस तू. फोडी तशाच ठेवतेस, नुसता खार जातोय. लोणचं आवडणारं माणूस फोड खातं. खार पिणारं माणूस काहीतरी लपवतंय."

हेमांगीने पुढची शेंग उचलली. बंडीने धरलं. आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं असावं, कारण माई शेंग हातात धरून तिच्याकडे बघत राहिल्या.

"आत्ता काय केलं गं तिने?"

"कुणी?"

"त्या तुझ्या बंडीने. मघाशी तुझा जीव कानकोंडा झालेला, आणि आत्ता बघ. हसतेयस की."

हेमांगीला काय वाटलं कोण जाणे. तिने माईंचा हात धरला आणि स्वतःच्या बरगडीवर, साडीच्या आत, बंडीवर ठेवला. बंडी एकदा चढली, थांबली, उतरली. माईंचा हात खारकेसारखा सुकलेला होता. तो तिथेच राहिला. पंचवीस वर्षांपूर्वी लुगडं बांधलं, त्यानंतर या हाताने तिला केलेला हा पहिला स्पर्श. नमस्कार सोडले तर. पण नमस्कारात हात डोक्याला लागतोच असं नाही.

"हे अगदी माणूस धरतं तसं धरतंय," माई हळूच म्हणाल्या. मग लगेच हात काढून घेतला. "शेंगा नीट मोड. शिरा राहतायत."

*

पुढच्या तपासणीला डॉक्टर साखवळकरांनी छान म्हटलं नाही. त्यांनी पोटाच्या उजव्या बाजूला बोट दाबलं, आणि आत पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं काहीतरी हललं.

"असं व्हायला नको होतं." सुई घालून त्यांनी पिवळसर पाणी काढलं. बरंच निघालं. "मीठ बंद आहे ना?"

"हो."

"कळत नाही मला. तुमच्यासारखे खूप पेशंट यायला लागलेत. चांगले बरे होत येतात आणि शेवटच्या टप्प्यावर अडकतात." ते चष्मा पुसत म्हणाले. "हेमांगीताई, दोन थर चिकटायचे दिवस असतात. ते निघून गेले की आतल्या पोकळीला स्वतःचं अस्तर येतं. मग ती पोकळीच कायम होते. तसं झालं तर पुन्हा उघडावं लागेल. शिवाय ते पाणी पिकलं, तर मग माझ्याही हातात राहणार नाही. आणखी दोन आठवडे. त्यात सूज गेली पाहिजे."

बंडीने धरलं. या खेपेला हेमांगीला त्याचा थोडा राग आला.

प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर वेगळंच काम वाट बघत होतं. वापरून परत आलेल्या बंड्यांचा धागा अंगावर असतानाच आळशी पडतोय, आखडायचं विसरतोय, अशी तक्रार होती. कारण शोधा, असं मॅनेजर मगदूम साहेबांनी सांगितलं होतं. तिने धागा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पिळाच्या प्रत्येक वळणात बारीक पांढरे कण अडकलेले होते. मीठ. घामात मीठ असतंच, पण एवढं नाही. आणि ज्याला मीठ वर्ज्य आहे त्याच्या घामात तर नाहीच. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिने ते पुन्हा लावून पाहिलं. दुसरी बंडी घेतली, तिसरी घेतली. निवृत्त मुख्याध्यापकांची, अध्यक्षाबाईंची, कोण कुठल्या अनोळखी माणसांची. सगळीकडे मीठ.

मग तिने स्वतःच्या बंडीच्या आतल्या कडेचा एक सुटा धागा तोडून काचेखाली ठेवला. बघायची गरज नव्हती, तरी बघितला.

ती खुर्चीवर मागे रेलली. म्हणजे सगळं गाव हेच करत होतं. कोणी पापड खात होतं, कोणी सांडगी मिरची, कोणी भाकरीवर नुसतं मीठ भुरभुरत होतं. इतकी माणसं आपापल्या घरात, आपापल्या माणसांच्या मध्ये बसून, बरी होऊ नयेत म्हणून धडपडत होती. एकमेकांना पत्ता नाही. तिला आधी हसू आलं. मग आलं नाही.

मगदूम साहेबांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकलं. ते आजकाल खुर्चीत जरा पुढे झुकून बसत. त्यांच्या शर्टाखाली बरगड्यांपाशी एक शिवण उठून दिसत होती. टेबलावर खाऱ्या शेंगदाण्यांची उघडी पुडी होती.

"घ्या मॅडम," त्यांनी पुडी पुढे सरकवली. "तर, मीठ म्हणता."

"मीठ, साहेब. लोक मुद्दाम सूज ठेवतायत. बंडी सूज बघून मुदत वाढवते, म्हणून. रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. मग तारीख झाली की बंडी सुटेल, सूज असो नसो, अशी दुरुस्ती करता येईल."

"सुटेल." मगदूम साहेबांनी एक शेंगदाणा उचलला आणि त्याकडे बघत राहिले. "मॅडम, आपण असं करू. पाणी लिहू. लोकांच्या घरचं पाणी जड असतं. धुताना क्षार बसतात. कसं?"

"क्षार वेगळे दिसतात, साहेब."

"दिसतात तुम्हाला. वाचणाऱ्याला कुठे दिसतात?" त्यांनी शेंगदाणा पुडीत परत टाकला. मग एकदम खालच्या आवाजात बोलले. "माझी मिसेस चार वर्षं झाली मुलाकडे दुबईला आहे. तशी भांडण वगैरे काही नाही. फोन असतो रोज."

हेमांगीला पुडीतला शेंगदाणा घ्यावासा वाटला. तिने घेतला नाही. "उद्या देते रिपोर्ट," ती म्हणाली, आणि काय देणार हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

*

घरी माई नव्हत्या.

एक्याऐंशी वर्षांची बाई संध्याकाळी घरात नाही म्हटल्यावर शैलेंद्रने एक फोन अर्धवट तोडला. लग्न झाल्यापासून हे दुसऱ्यांदा घडत होतं. तो चप्पल घालत होता तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि माई उतरल्या. ठेवणीतली साडी, हातात चकचकीत पिशवी.

"कुठे गेली होतीस आई?"

"बंडीवाल्यांच्या हाफिसात. बसस्टँडपाशी आहे की मोठं. थंडगार केलंय आत." त्या कोचावर बसल्या. "तिथली पोरगी फार गोड. चहा दिला. माझं पोट बघितलं आणि म्हणाली, आजी, वाव आहे. सोमवारी कोल्हापूरला बोलावलंय."

"कशाला?"

"कापायला."

शैलेंद्र एका पायात चप्पल घालून तसाच उभा होता. हेमांगी म्हणाली, "माई, तुम्हाला पोटच नाही."

"ते त्यांनी बघावं. शोधलं की कापायला काहीतरी सापडतंच."

"माई, तुमचं हृदय अशक्त आहे. भूल सोसणार नाही. टेबलावरच काहीतरी होईल."

"होऊ दे की. सगळं गाव कापून घेतंय, माझ्याच जिवाला काय सोनं लागलंय?" माईंचा आवाज चढला आणि मधेच विरला. त्या पिशवीच्या बंदाशी खेळायला लागल्या. "हे जाऊन एकोणीस वर्षं झाली. शैलू पाया पडतो, सणाला. डॉक्टर येतो तो रबराचे हातमोजे घालून. तू..." त्यांनी हेमांगीकडे पाहिलं नाही. "तू चांगली आहेस. औषधं देतेस वेळेवर. मला फक्त तेवढं पाहिजे. ते, चढतं आणि उतरतं ते. कापायचं ते त्यांना कापू दे."

बंडीने हेमांगीला धरलं. नाडी वेगाने चालली होती, श्वास वर अडकला होता. बंडीच्या हिशेबाने हीच वेळ होती. खालून वर दाब चढत आला आणि नेहमीप्रमाणे सगळं लांब जाऊ लागलं: कोच, पिशवी, माईंचा बंदाशी चाळा करणारा हात. थोड्याच वेळात तिला आणखी पोहे घ्या म्हणावंसं वाटलं असतं.

हेमांगी आत गेली, दार लावलं आणि बंडीचे बंद सोडले.

बंडीने आधी जोर केला. सूज होती, अजून काम बाकी होतं. मग शेवटचा बंद सुटला आणि ती तिच्या पायांशी पडली. जमिनीवर पडल्यावर तिला धरायला कोणी उरलं नाही. ती दोनदा आखडली, तिसऱ्यांदा अर्धवट, आणि मग नुसतं कापड झाली. जरा कोमट. हेमांगीला पोट उघडं, जड आणि अनाथ वाटत होतं. रडू येत होतं आणि ते थांबवायला काहीही नव्हतं. त्यामुळे ती रडली. मग बसून तिने रिपोर्ट पुरा केला. मीठ हे मीठ असं लिहिलं, आणि खाली स्वतःची बंडीही नमुन्यांत धरली आहे, असंही लिहिलं. ते वाचताना मगदूम साहेबांचा हात पुडीत थबकेल, हे तिला दिसत होतं. तिने तो पाठवला.

बाहेर येऊन ती माईंना म्हणाली, "डॉक्टरांनी बंडीनंतर साधा पट्टा सांगितलाय. दोन आठवडे घट्ट बांधायचं. तुमचं लुगडं आहे का एखादं जुनं?"

माईंनी मान वर केली. "कशाला?"

"मला बांधता येत नाही. माहीत आहे ना तुम्हाला? आठव्या दिवशी सोडते मी."

माईंनी पिशवी बाजूला ठेवली. मग उठल्या आणि त्यांच्या कपाटातून एक लुगडं काढून आणलं, गर्द जांभळं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. मध्ये दात लावून त्यांनी ते उभं फाडलं. त्या आवाजाने शैलेंद्र दचकला.

"शैलू, तो फोन ठेव आणि हे टोक धर. घट्ट. ओढ लागली तरी सोडू नकोस."

शैलेंद्रने टोक धरलं आणि अंगवळणी पडलेल्या सवयीने कापड बोटांत चोळलं. "ऐंशी नंबरचं बारीक सूत आहे हे," तो म्हणाला. "असं आता कोणी काढत नाही."

"भाव नंतर कर. हेमा, तू फिरत ये. सावकाश."

माईंची पद्धत अशी: एकाने टोक ताणून धरायचं आणि बांधून घेणारीने गिरक्या घेत त्यात शिरायचं. हेमांगी फिरली. एक वेढा, दुसरा. माई प्रत्येक वेढ्यावर तळहात दाबून सुरकुती काढत होत्या. तिसऱ्या वेढ्याला त्यांनी असं आवळलं की हेमांगीला पंचवीस वर्षांपूर्वीचा मे महिना आठवला. हाच दाब, श्वास घेता येत नव्हता, नवी सून होती, तोंडातून शब्द निघाला नव्हता. सात दिवस सोसून तिने आठव्या दिवशी मुकाट्याने गाठ सोडली होती, आणि उकडतंय म्हणाली होती, कारण उकडण्याचा दोष कोणाकडे जात नाही.

"माई," ती म्हणाली, "घट्ट होतंय."

माईंचे हात थांबले.

"फार?"

"फार. तेव्हाही झालं होतं."

शैलेंद्र टोक धरून आईकडे आणि बायकोकडे आळीपाळीने बघत होता. त्याचा फोन वाजत होता.

"मग तेव्हा का नाही बोललीस?" माई म्हणाल्या. त्यांनी वेढ्यात दोन बोटं घातली, कापड जरासं मागे सोडलं आणि पुन्हा विचारलं, "आता?"

"आता बरंय."

"हं." त्यांनी गाठ मारली आणि उरलेलं अर्धं लुगडं उचलून हेमांगीच्या हातात दिलं. "आता मला बांध. आणि नीट बांध. त्या पोरीला सोमवारी फोन करून सांग, आजींचा वाव भरला."

*

रिपोर्टनंतर कंपनीने दुरुस्ती केली. बंड्या तारखेला सुटायला लागल्या. गावात थोडा आरडाओरडा झाला, पापडवाल्यांचा जरा जास्त. हेमांगीने खार सोडला, तिचंही पाणी उतरत गेलं, आणि डॉक्टर साखवळकरांच्या सुईला काम कमी झालं. मगदूम साहेबांनी एकदा रजा टाकली आणि दुबईला जाऊन आले. कसं झालं ते कोणी विचारलं नाही.

लुगड्याचं म्हणाल तर कापड म्हणून ते अगदीच सामान्य होतं. सुती सूत अंगाच्या उबेने ताण सोडतं. सकाळी बांधलेला वेढा दुपारपर्यंत ढिला पडायचा. त्याला सूज कळत नव्हती, नाडी कळत नव्हती, माणूस हसतंय का रडतंय तेही नाही. प्रयोगशाळेत हेमांगीने असं कापड पहिल्याच चाचणीत नापास केलं असतं.

दुपारी ते सैल झालं. ती उठली, एका हाताने गाठ सावरत दारापर्यंत गेली आणि तिने हाक मारली, "माई, या की जरा. सुटतंय."

"आले," आतून आवाज आला. "माझंही सुटलंय. शैलू, फोन ठेव."